लष्करातले एक कर्नल अख्ख्या अरब जगताचे नेते कसे झाले?

गमाल अब्देल नासेर १९५२ च्या उठावापर्यंत साधे लेफ्टनंट कर्नल होते, मग पाच-सहा वर्षांत इजिप्तबाहेरचे अरबही त्यांना आपला नेता कसे मानू लागले, असे तुम्ही विचारले आहे. बहुतेक जण या उत्तराची सुरुवात उठावापासून करतात. मला ती चार वर्षे आधी, पॅलेस्टाईनमधल्या फालुजा या गावाच्या वेढ्यापासून करावीशी वाटते.

टपाल खात्यातल्या कारकुनाच्या या मुलाला लष्करी अकादमीने पहिल्या अर्जाला नकार दिला होता. १९३६ च्या ब्रिटिश-इजिप्त करारानंतर सैन्य वाढू लागले, मध्यमवर्गीय मुलांना अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली आणि १९३७ मध्ये नासेर यांना प्रवेश मिळाला. १९४८ च्या पॅलेस्टाईन युद्धात फालुजाच्या परिसरात सुमारे चार हजार इजिप्शियन सैनिक वेढले गेले, त्यांत नासेर होते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारी १९४९ मधील युद्धबंदीपर्यंत त्या तुकडीने शरणागती पत्करली नाही. पराभूत सैन्यात ही एकच मान ताठ ठेवणारी गोष्ट होती. आणि खरा शत्रू कैरोत, राजवाड्यात व त्याच्यामागे उभ्या असलेल्या ब्रिटिशांत आहे, ही नासेर यांची खात्री याच अनुभवाने पक्की केली.

२३ जुलै १९५२ च्या उठावात जनरल महंमद नगीब हे वयाने आणि हुद्द्याने मोठे म्हणून चेहरा ठरले, तरी ‘स्वतंत्र अधिकारी’ या गुप्त गटाची सूत्रे नासेर यांच्याकडेच होती. तीन दिवसांत राजे फारूक देश सोडून गेले आणि १९५४ च्या अखेरीस नगीबही दूर झाले. नगीब यांना ज्या रीतीने नजरकैदेत टाकले आणि त्याच सुमारास मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेवर जी दडपशाही झाली, ती नासेर यांच्या चाहत्यांनी झाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढ्याने मात्र माणूस फक्त इजिप्तचा सत्ताधीश होतो. सीमेपलीकडे त्यांना रेडिओने नेले. १९५३ मध्ये कैरोहून ‘सौत अल-अरब’, म्हणजे ‘अरबांचा आवाज’, हे प्रसारण सुरू झाले, आणि ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंतही ते कॉफीच्या दुकानांतून पोहोचले. नासेर ग्रंथातल्या अरबीवरून मध्येच कैरोच्या बोलीवर येत, त्यामुळे सत्ताधीश आपल्याशीच बोलतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटे.

२६ जुलै १९५६ चे अलेक्झांड्रियातले भाषण याचा कळस होय. त्यात ते सुएझ कालवा खणवणाऱ्या फ्रेंच माणसाचे, द लेसेप्सचे, नाव वारंवार घेत होते. ते नाव ही खूण होती. रेडिओवर ते ऐकताच ठरलेल्या तुकड्यांनी कालवा कंपनीची कार्यालये ताब्यात घेतली आणि भाषण संपण्यापूर्वीच राष्ट्रीयीकरण प्रत्यक्षात आले होते. त्यानंतर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी केलेला हल्ला लष्करीदृष्ट्या इजिप्तला जड गेला. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांच्याही दबावामुळे आक्रमकांना माघार घ्यावी लागली, कालवा इजिप्तकडेच राहिला आणि रणांगणावरचा तोटा राजकीय विजय ठरला.

म्हणूनच जानेवारी १९५८ मध्ये सीरियाचे लष्करी अधिकारी आपण होऊन इजिप्तशी एकीकरणाची मागणी घेऊन कैरोला आले. नासेर आधी कचरले, मग त्यांनी आपल्या अटींवर होकार दिला आणि फेब्रुवारीत संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन झाले. सप्टेंबर १९६१ मध्ये ते मोडले, तेही सीरियातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्याच उठावाने.