कंपनीने काढलं, पण ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) नोंदीत 'राजीनामा' दिसतो. बेकारी भत्ता मिळेल का?

मिळू शकतो. मला मिळाला, पण अडीच महिने हेलपाटे घालून. तुम्ही लिहिलंय की मालकाने काढलं आणि क्लेम 'स्वतःहून नोकरी सोडली' म्हणून परत आला. माझंही अगदी हेच झालं होतं.

अंधेरी एमआयडीसीत सहा वर्षं पॅकिंगला होतो. ऑर्डरी आटल्या तेव्हा आम्हा अकरा जणांना एका शनिवारी बोलावून सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. हिशेबाचा चेक हवा असेल तर इथे सही करा, म्हणाले. तो राजीनामा होता. घरभाडं थकलेलं, मुलीची फी भरायची. मी सही केली. त्या सहीनेच पुढे घात केला, कारण हा भत्ता देणाऱ्या ईएसआयच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत राजीनामा, गैरवर्तनावरून बडतर्फी, निवृत्ती किंवा बेकायदा ठरवलेला संप असेल तर पैसे मिळत नाहीत.

मला तारलं ते एचआरने आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर टाकलेल्या एका ओळीने: 'माणसं कमी करत आहोत.' त्याची प्रिंट, शेवटच्या सॅलरी स्लिपा आणि बरोबरच्या चौघांच्या सह्या जोडून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, की सोडण्याचं कारण दुरुस्त करा. त्याची एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात दिली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तोंडी सांगितलेलं पुढच्या खेपेला कुणालाच आठवत नाही. बीकेसीच्या कामगार भवनात (कामगार आयुक्तांच्या कार्यालयात) जबरदस्तीच्या राजीनाम्याची तक्रारही दिली. त्यानंतर कुठे कंपनीने नोंद बदलली. तुमच्याकडे असा एखादा मेसेज, ईमेल असेल तर आजच जपून ठेवा. फोन बदलला की जातं सगळं.

आता क्लेम पुन्हा भरण्याआधी वर्गणी तपासा. दोन वर्षं विमा हवा, आणि नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी काळात (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) किमान 78 दिवस भरलेले हवेत. त्याच्या आधीच्या तीनपैकी एका काळातही 78 हवेत. अर्जाला मालकाची सही लागत नाही, ऑनलाइन भरता येतो. आधार, पासबुक आणि ईएसआय नोंद यांतलं नाव मात्र अक्षरशः एकच हवं. माझ्याबरोबरच्या एकाचं आडनाव पासबुकात वेगळं पडलं म्हणून त्याचे पैसे महिनाभर अडकले.

रक्कम किती, तेही विचारलंय तुम्ही. मागच्या चार वर्गणी काळांची एकूण कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस. पूर्ण दोन वर्षं महिना 18,000 असेल तर साधारण साडेसव्वीस हजार. मधे खाडे असतील तर कमी. आणि हे आयुष्यात एकदाच मिळतं. त्या काळात घरच्यांचे उपचारही चालू राहतात. माझ्या आईचं बीपीचं औषध त्यामुळेच खंडित झालं नाही. योजनेची मुदत वाढवत वाढवत आणलेली आहे, तेव्हा सध्या चालू आहे का हे शाखेत आधी विचारा.

शाखेत दाद लागली नाही तर लोअर परळच्या विभागीय कार्यालयात लेखी द्या, केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही टाका.

तुम्ही सही केलेल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय आणि तारीख कोणती, एवढं खाली लिहा. पत्राचा मसुदा मी करून देतो.