वाचकांचे प्रश्न: विद्यापीठाच्या आवारातला कचरा, पाणी, वीज आणि झाडं

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये रोज सुमारे ३०० जण जेवतात. खतासाठी विटांचे हौद बांधलेत, पण पावसाळा लागला की वास सुटतो, अळ्या होतात आणि माळीकाम करणारे हात लावायला तयार होत नाहीत. काय चुकतंय?
*– वसतिगृह अधीक्षक, गंगापूर रोड*

हौदात पाणी जास्त आहे आणि हवा कमी. शिजलेल्या अन्नात वजनाने सुमारे पाऊण हिस्सा पाणीच असतं. वरण, रस्सा, ताक तसंच ओतलं की भाताचा गच्च गोळा होतो, आतली हवा संपते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं.

आधी आठवडाभर कचरा तोला. ताटात टाकलेलं अन्न एका बादलीत, साली-देठं दुसऱ्या बादलीत. माणशी १०० ग्रॅम धरले तरी रोज ३० किलो होतात, म्हणजे ढोबळमानाने ६० लिटर. मिश्रण मोकळं राहायला याच्या तिप्पट आकारमानाचा सुका पालापाचोळा लागतो: रोज १८० लिटर. खरी अडचण इथेच आहे. नाशकात पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, आणि पाल्याची गरज सर्वात जास्त जून ते सप्टेंबर. चार महिन्यांचा हिशेब सुमारे २२ घनमीटर होतो. १० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच अशी एक पत्र्याची कोरडी खोली त्यात भरते. ही खोली न बांधता नुसते हौद बांधले जातात, म्हणून प्रकल्प जुलैत बंद पडतो. पाला आधी तुडवून किंवा यंत्रातून चुरून घ्या, अख्खी पानं एकावर एक बसून हवा अडवतात. साठा कमी पडला तर वखारीतला लाकडाचा भुसा चालतो. प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. (एवढा पाला लागत असताना तो आवारात जाळला जातो, हे पाहवत नाही. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर मनाई केली आहे.)

हौद ४ × ४ फूट, सव्वातीन फूट उंच, भिंतीत विटांच्या फटी सोडलेले आणि वर पत्रा असलेले हवेत. ३०० जणांसाठी असे सहा पुरतात: साधारण दहा दिवसांनी एक भरतो, ४५ दिवसांनी रिकामा होतो. तळाला उतार आणि निचऱ्याचा पाइप द्या, त्यावर सहा इंच काटक्या किंवा नारळाच्या शेंड्या. अन्न हौदात टाकण्याआधी चाळणीच्या पिंपात अर्धा तास निथळू द्या. निथळलेलं पाणी गटारीत नको, ते भरपूर पाण्यात मिसळून मोठ्या झाडांच्या आळ्यात घाला. पहिल्या थरांत शेणकाला किंवा जुनं खत मिसळलं की पुरे, विकतच्या पावडरीची गरज नसते.

मूठभर मिश्रण दाबून पाहा. बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. तीन-चार दिवसांनी मध्यभागी लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून काढा. ती हातात धरवत नसेल तर काम नीट चाललंय. कोमट लागली तर एकतर ओल जास्त, नाहीतर ढीग फार लहान. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा अर्धवट भरलेला हौद तापतच नाही. अशा वेळी दोन हौद एकत्र करा. आठवड्यातून एकदा पलटी मारा. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही: लगेच उपसा आणि पाला मिसळा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त: पाल्याचं प्रमाण वाढवा.

अळ्या जाड, चपट्या, तपकिरी असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. अन्न झपाट्याने संपवतात, त्यांना मारू नका. घरमाशीच्या बारीक पांढऱ्या अळ्या मात्र वरचं अन्न उघडं राहिल्याची खूण. रोजच्या भरणीवर तीन इंच पाला अंथरला की त्या थांबतात.

४५ दिवसांनी काढलेलं खत आणखी तीन आठवडे सावलीत मुरू द्या. कच्चं वापरलं तर रोपांची मुळं होरपळतात. आणि रोजचं वजन मेसच्या दारावर फळ्यावर लिहा. ताटात अन्न टाकणाऱ्याला तो आकडा दिसायलाच हवा. खत कितीही चांगलं झालं तरी टाकलेलं अन्न हे नुकसानच आहे.

प्रश्न : विभागाच्या इमारतीचं १,२०० चौरस मीटर छत आहे. पावसाचं पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडलं तर चालेल का?
*– प्राध्यापिका, दिंडोरी रोड*

थेट नको. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरा. त्यातला ८० टक्के हाती लागला तर या छतावरून ६ लाख ७२ हजार लिटर मिळतात. पण नाशिकखाली काळा कातळ आहे आणि पाणी मुरतं ते फक्त त्याच्या भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. म्हणून खर्चाआधी चाचणी घ्या: ५,००० लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर बोअरमध्ये सोडा आणि पातळी किती वेळात मूळ जागी येते ते दोरीने मोजा. तासाभरात उतरली तर बोअर पाणी घेतं. दिवसभर तशीच राहिली तर त्या बोअरवर पैसे घालू नका. आवारात जुनी विहीर असेल तर तिच्यात सोडा, नाहीतर टाकी बांधून शौचालयाच्या फ्लशसाठी वापरा.

ताशी ५० मिमी पावसाला ४ इंची एक उभा पाइप साधारण ८५ चौरस मीटर छत पेलतो, म्हणजे तुम्हाला १४-१५ पाइप लागतील. कमी असतील तर पाणी गच्चीवर तुंबून स्लॅब गळेल. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्यायला झडप बसवा, त्यात उन्हाळाभराची धूळ आणि कबुतरांची विष्ठा असते. गाळणीत खाली मोठे दगड, मध्ये खडी, वर जाड वाळू. वाळूचा वरचा थर दरवर्षी मे महिन्यात खरवडून धुवा. हे न केल्याने दुसऱ्या वर्षी गाळणी भरून वाहते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे धुराडे ज्या छतावर उघडतात, त्या छताचं पाणी जमिनीत कधीच सोडू नका. रस्त्याचं आणि पार्किंगचं पाणीही नाही. बिघडलेलं भूजल पुन्हा शुद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.

प्रश्न : वीजबिल कमी करायला विद्यार्थी परिषदेने ५० किलोवॅटचं सोलर मागितलं आहे. योग्य आहे का?
*– विद्यार्थी प्रतिनिधी, पंचवटी*

मागणी योग्य, क्रम उलटा. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ३० वॅट. वसतिगृहात ४०० पंखे रोज १२ तास चालत असतील तर पंखे बदलूनच दिवसाला २१६ युनिट वाचतात. एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ही बचत ५४ किलोवॅटच्या सोलरएवढी झाली, आणि तिला छतही लागत नाही. आधी पंखे, मग उरलेल्या गरजेपुरतं सोलर.

बीएलडीसी पंखा लावताना जुना रेग्युलेटर काढून टाका, नाहीतर आतलं सर्किट बिघडतं. वसतिगृहात रिमोट हरवतात, म्हणून बटणावर वेग बदलणारं मॉडेल घ्या. सोलरचे पॅनल दर पंधरा दिवसांनी पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको आणि बोअरचं जड पाणीही नको, क्षारांचे पांढरे डाग बसतात. पाण्याच्या टाकीची दुपारी चारची सावली पॅनलवर येते का, हे हिवाळ्यात पाहून मगच जागा ठरवा.

प्रश्न : दर जुलैत लावलेली झाडं मार्चपर्यंत मरतात. कोणती लावावीत?
*– उद्यान विभाग, त्र्यंबक रोड*

जातीपेक्षा खड्डा आणि पाणी चुकत असणार. मुरमाड जमिनीत दीड-दोन फुटांचा खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या, माती आणि मुरलेलं खत निम्मं-निम्मं घालून भरा आणि जमीन चांगली भिजल्यावरच रोप लावा. कडुलिंब, करंज, बहावा, शिरीष इथे टिकतात. अर्जुन फक्त ओढ्याकाठी. ऑक्टोबर ते जून दर आठवड्याला रोपामागे १५-२० लिटर पाणी लागतं, आळ्यात चार इंच पाल्याचं आच्छादन असेल तर दहा दिवसांनी दिलं तरी चालतं. पाला खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी लागते. निदान दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, तेव्हा टँकर किंवा ठिबक किती रोपांना पुरतं ते मोजा आणि तेवढीच रोपं लावा. आवारातल्या टेकडीच्या उताराला गवत असेल तर तिथे खड्डे खणू नका; ते गवत माती धरून ठेवतं आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांना तीच जागा लागते.