अंधाऱ्या हॉलमध्ये झाडं का मरतात?

प्रश्न: ताई, आम्ही लातूरला पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा बाजूचा प्लॉट मोकळा होता, आता तिथं चार मजली बिल्डिंग झाली अन् आमच्या हॉलमध्ये भर दुपारी ट्यूब लावावी लागायली. घर लई उदास वाटायलंय. म्हणून नर्सरीतून मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि सासूबाईंसाठी तुळस आणली. तुळस तीनदा गेली, सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय. आता स्नेक प्लांटची पानं पण बुडाला मऊ पडून आडवी व्हायलीत. मी रोज सकाळी न चुकता पाणी घालते, तरी असं का? अंधारामुळं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: आधी तुळशीचं सांगते, कारण त्यात सासूबाईंचा जीव अडकलाय. तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन पाहिजेच, हॉलमध्ये ती कुणाच्याच हातून जगणार नाही. गच्चीवर नाहीतर खाली पार्किंगच्या कडेला जिथं ऊन येतं तिथं कुंडी ठेवा, आणि त्यांना स्पष्ट सांगा की आई, तुमच्या हाताचा काही दोष नाही.

स्नेक प्लांटचं मात्र वेगळं आहे. ते अंधारानं नाही मेलं, रोजच्या पाण्यानं मेलं. झाड पाणी पितं ते उजेडाच्या हिशोबानं, उजेड कमी तर पिणं कमी, मग उरलेलं पाणी कुंडीत तसंच साचून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही अन् ती कुजतात. माझं पहिलं झेडझेड, म्हणजे कमी उजेडात तगणारं जाड चकचकीत पानांचं झाड, असंच गेलं. पानं पिवळी पडायली म्हणून मी अजून पाणी घालत राहिले, शेवटी कुंडी उपडी केली तर खालचे बटाट्यासारखे कंद बोटानं दाबले की पचकन फुटायचे आणि नासलेल्या भाजीसारखा वास. त्या कंदातच झाडानं पाणी साठवलेलं असतं, त्याला वरून रोज पाजायची गरजच नसते. तेव्हापासून मी वार बघून पाणी घालत नाही, मातीत बोट दोन पेरं खुपसते, कोरडं लागलं तरच घालते. स्नेक प्लांट आणि झेडझेडला कमी उजेडात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं, थंडीत तर महिनाभर बघायचं पण नाही. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहितीये, त्या हिशोबानं ही झाडं आपल्या घरासाठीच आहेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट माती. शेतातली काळी माती आणून भरली असेल तर ती काढा. कापसा-सोयाबीनला सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती चिकट होऊन पाणी धरून बसते, आणि वाळली की भेगा पडून सगळं पाणी कडेनं निघून जातं. दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती, एक भाग गांडूळखत घ्या, आणि कुंडीला खाली भोक पाहिजेच.

आता उजेड. दुपारी ट्यूब बंद करून खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर हात धरा. फिकट का होईना सावली पडली तर तिथं स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, हिरव्या पानांचं अग्लोनेमा आरामात राहतील. सावलीच दिसत नसेल तर तिथं कोणतंच झाड नीट वाढणार नाही, नर्सरीवाला काही म्हणू दे. मग पांढरी एलईडी ट्यूब झाडाच्या फूटभर वर लावून रोज दहा-बारा तास चालू ठेवा, त्यावर ती चांगली वाढतात. खिडकीपासून चार-पाच फूट आत गेलं तरी उजेड एकदम घटतो, म्हणून टीव्हीशेजारचा कोपरा सोडा आणि कुंड्या खिडकीच्या कट्ट्यावर आणा. हॉलमधली खिडकीसमोरची भिंत पांढरी रंगवून घ्या, हॉल झाडांपेक्षा त्यानं जास्त उजळेल. मनी प्लांटच्या पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे जाऊन पान नुसतं हिरवं व्हायला लागलं तर उजेड कमी पडतोय असं समजा. बाटलीत लावला असेल तर पाणी दर आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूचे डास होतील. आणि पानं ओल्या फडक्यानं पुसत जा, आपल्या उन्हाळ्यात धुळीचा थर बसतो आणि आहे तो उजेडही पानापर्यंत पोचत नाही.

बोअरच्या जड पाण्यानं कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, पानांची टोकं करपतात. फिल्टरचं वाया जाणारं पाणी तर अजूनच खारट, ते फरशीला वापरा. पावसाचं साठवलं तर सगळ्यात चांगलं. घरात रांगतं बाळ असेल तर स्नेक प्लांट, झेडझेड, मनी प्लांट, अग्लोनेमा ही चारही झाडं उंचावर ठेवा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

आडवी पडलेली पानं लगेच फेकू नका. मऊ भाग कापून टाका, वरच्या कडक भागाचे चार-चार बोटांचे तुकडे करा, दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि खालची बाजू खालीच ठेवून रेतीत खोचा. मुळं यायला दीड-दोन महिने लागतील, मधे उपटून बघू नका. तुमच्या झाडाला पिवळी किनार असेल तर नवं रोप बिनकिनारीचं, साधं हिरवं येईल. ते तसंच येतं, त्यात घाबरायचं काही नाही.