नायट्रसच्या आधी पेट्रोलचा हिशोब कर

इंजिनची ताकद वाढवायला नायट्रसची (नायट्रस ऑक्साइड वायूची) बाटली घेण्याआधी पेट्रोलचा पुरवठा पक्का कर, हे कळकळीने सांगतोय. नायट्रस जादा ऑक्सिजन आणतो. जोडीचं पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं (त्यात पेट्रोल कमी पडतं), डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू होतं आणि पिस्टन वितळायला काही क्षण पुरतात.

पंप निवडताना एकूण ताकद धर. 500 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि वर 200 चा शॉट (नायट्रसने मिळणारी जादा ताकद), म्हणजे 700. प्रत्येक हॉर्सपॉवरला तासाला 0.6 पाउंड पेट्रोल धरलं तर 420 पाउंड, म्हणजे ताशी साधारण अडीचशे लिटर. पंपाने एवढं पेट्रोल तुझ्या कामाच्या प्रेशरला द्यायला हवं.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर आणखी एक गोष्ट बघ, बरेच जण ती विसरतात. गाडी 1 जी ने (गुरुत्वाकर्षणाएवढ्या प्रवेगाने) सुटली की मागून पुढे जाणाऱ्या 3 मीटर लाइनमधलं पेट्रोलच मागे रेटतं आणि जवळपास 3 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) प्रेशर खाऊन टाकतं. तुझ्याकडे मुळात सहा-सातच असतात! म्हणून पंप मागे, टाकीच्या खालच्या पातळीला बसव, लाइन जाड घे आणि रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) पुढे, इंजिनजवळ लाव. टाकीतला पिकअप (पेट्रोल ओढून घेणारी नळी) मागच्या बाजूला हवा.

मोठ्या शॉटला नायट्रससाठी वेगळी छोटी टाकी, पंप आणि रेग्युलेटर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात जास्त ऑक्टेनचं, म्हणजे डिटोनेशन सहज होऊ न देणारं, रेस फ्युएल भरता येतं.

प्रेशर मात्र पेट्रोल वाहत असतानाच सेट कर, बंद लाइनवरचा आकडा फसवा असतो. आणि फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच लावच. प्रेशर पडलं की तो नायट्रसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद करतो.