डाएटवाल्या मॅडम आणखी काय बंद करणार?

"वडिलांचं डायलिसिस चालू आहे. डॉक्टर म्हणतात आहारतज्ज्ञांना भेटा. पण आधीच एवढं बंद आहे की ताटात काही उरलेलं नाही. त्या आणखी काय काढून घेणार?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. उत्तर म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सोलापूरकडचे शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ. जुन्या मधुमेहाने किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सून त्यांना मामा म्हणायची, मग आमच्या युनिटमध्येही तेच नाव पडलं. पथ्याचं सगळं ओझं त्या सुनेवर. माझ्यासमोर तिने प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता आपटला. डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे बंद. केळी, टोमॅटो, बटाटा बंद. "मॅडम, यातलं एकसुद्धा दिलं नाही. तरी पोटॅशियम वाढलेलंच. आता नुसती भाकर आणि पाणी देऊ का? पाणी पण मोजूनच, बरं का!" अशी चिडलेली माणसं मला आवडतात. ती घरात खरोखर काहीतरी करत असतात.

पोटॅशियम ६.४ होतं. साधारण ३.५ ते ५ असावं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्याची धास्ती खरी आहे.

तक्ता डायलिसिस सुरू होण्याआधीचा निघाला. किडनी अधू असताना प्रथिनं कमी ठेवतात, मधुमेह असेल तर रोज वजनाच्या दर किलोला साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस लागलं की हिशेब उलटा होतो. रक्त गाळलं जाताना अमिनो आम्लंही, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात, त्यामुळे किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. मामांचं वजन ५० किलोच्या आसपास, म्हणजे रोज ५० ते ६० ग्रॅम. सुनेने सांगितलेलं दिवसभराचं खाणं मी मांडून पाहिलं, तर निम्म्यालाही पोचत नव्हतं. उपचार बदलला आणि तक्ता तोच राहिला, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. त्यात घरच्यांचा काही दोष नसतो. 'आता डाळ सुरू करा' असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

"पण वजन तर कमी झालं नाही," सून म्हणाली. वहीत खरंच ते जिथल्या तिथे होतं. फसवणूक इथेच होते. अंगातलं मांस झडतं, त्याची जागा पाणी घेतं आणि काट्याला फरक कळत नाही. मामांचे दंड बारीक झाले होते, पाय सुजलेले. मी टेक्निशियनशी आणि किडनीच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन, हळूहळू खाली आणलं. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञाचं बरंचसं काम असं ताटाबाहेरचं असतं.

आता पोटॅशियम. तक्त्यातलं सगळं बंद असताना ते येत कुठून होतं? मी विचारलं, "मीठ कोणतं वापरता?" ती अभिमानाने म्हणाली, "साधं नाही, बीपीवाल्यांचं. पुण्याहून मागवतो." कमी सोडियमच्या मिठात सोडियम काढून त्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डायलिसिसवरच्या माणसाला ते चालत नाही. शिवाय भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येई, कारण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? एका शहाळ्यात केळ्याइतकं, कधी त्याहून जास्त पोटॅशियम जातं. आणि एकादशी! माळकरी माणूस, उपास सोडणार नाही. तक्त्यातली बंदी रोजच्या जेवणाला, उपासाला मात्र बटाटा, रताळं, दाण्याचं कूट.

मी उपास सोडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मामा पुन्हा आले नसते. एकादशीला वरईचा भात, कूट न घालता, सोबत थोडं दही, असं ठरलं. मीठ साधंच, पण मोजून. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. त्या पाण्यातच आमटी करायची सवय मोडायला सुनेला जड गेलं. अंडी माळकऱ्याला चालणार नाहीत, म्हणून मुगाचं घट्ट वरण आणि घरी फाडलेल्या दुधाचं पनीर. वरचं पाणी फेकलं की त्यासोबत बरंच पोटॅशियम जातं, आणि ५० ग्रॅम पनीरमधून ९-१० ग्रॅम प्रथिनं मिळतात. फॉस्फरसची गोळी सून रोज रात्री झोपताना देत होती. ती जेवणातलं फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, म्हणून घासासोबतच घ्यायची.

पुढच्या तपासण्यांत पोटॅशियम साडेपाचच्या खाली आलं. दंड भरायला काही महिने लागले. शहाळी अजून येतात. सून ती पाहुण्यांनाच फोडून देते.

केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. पण मी पाहिलेल्या लहान केंद्रांत यंत्र आणि टेक्निशियन असतो, आहारतज्ज्ञ नसतो. मग शेजारीण आणि व्हॉट्सअॅप ती जागा भरतात. मामांच्या गावात आशाताईंना मी दोनच गोष्टी पाहायला सांगितल्या: मिठाची पिशवी आणि पायाची सूज. त्या घरात जातात, चुलीपाशी बसतात. मला ओपीडीत जे दिसत नाही ते त्यांना दिसतं.

तेव्हा भेटायला जाच. जाताना शेवटचे रिपोर्ट, सगळ्या गोळ्या, काढे-चूर्णं आणि घरातलं मीठ सोबत न्या. स्वयंपाक करणारं माणूस बरोबर हवंच. आहारतज्ज्ञाची पदवी विचारायला लाजू नका, हल्ली प्रोटीन पावडर विकणाराही स्वतःला डाएटिशियन म्हणवतो. जवळ कुणीच नसेल तर डायलिसिसच्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "हा तक्ता डायलिसिसच्या आधीचा आहे, आता यातलं काय सुरू करायचं?"