वणवा जंगल संपवतो की घडवतो?

तुम्ही विचारलंय की वणव्याने जंगल कायमचं संपतं असं एकीकडे ऐकतो, आणि दुसरीकडे काही जण म्हणतात जंगलाला आग हवीच असते, मग खरं काय. खरं सांगायचं तर दोन्ही. आग किती वर्षांनी येते आणि किती तापते, सगळा खेळ त्यावर आहे.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1988 साली उद्यानाचा जवळपास 36 टक्के भाग वणव्यात सापडला, हजारो माणसं विझवायला लावली तरी आग मंदावली ती सप्टेंबरातल्या पाऊस-बर्फानेच. पण तिथल्या लॉजपोल पाइन या झाडाचे बरेचसे शंकू, म्हणजे बी धरणारी खवल्यांची बोंडं, राळेने इतके घट्ट बंद असतात की हातात घेतला तर लाकडाचा गोळाच वाटतो, खवल्यात नख शिरत नाही. आगीची धग लागली की राळ वितळते, खवले उघडतात आणि बी थेट राखेवर पडतं, वर ऊन अडवणारं कोणी उरलेलं नसतं. काही वर्षांत जळक्या खोडांच्या पायाशी रोपांची ही दाटी! काळ्या पाठीचा सुतारपक्षी तर जळकं जंगल शोधतच येतो, मेलेल्या खोडातल्या अळ्या खायला. म्हणून वणव्यानंतर लगेच सगळी खोडं तोडून साफ करायची घाई मला अजिबात पटत नाही.

पण हीच रोपं शंकू धरायच्या आधीच पुन्हा जळाली तर बी येणार कुठून? मग तिथे गवत आणि झुडपं जम बसवतात. आणि कॅलिफोर्नियातल्या सेक्वोया या महाकाय झाडांचं तर फार वाईट वाटतं, जाड सालीच्या जोरावर शेकडो वर्षं लहान-लहान आगी पचवलेली ही झाडं, त्यातली हजारो मोठी झाडं 2020 च्या कॅसल फायर नावाच्या वणव्यात मेली, कारण दुष्काळ होताच पण शंभरेक वर्षं प्रत्येक आग विझवत बसल्याने खाली सरपणही साठलं होतं. 1910 च्या भयंकर वणव्याचा अमेरिकेच्या वनखात्याने असा धसका घेतला की 1935 मध्ये नियमच केला, आग कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आली पाहिजे. कॅलिफोर्नियातले युरोक आणि कारुक हे मूळ रहिवासी टोपल्यांसाठी हेझल नावाच्या झुडपाच्या सरळ काड्या मिळाव्यात म्हणून पिढ्यानपिढ्या बेताने झुडपं जाळायचे, त्यावरही बंदी आली. जाणत्या लोकांचे हात बांधले गेले, याचा मला खरंच राग येतो.

माणसांना आगीइतकाच धोका नंतरच्या पावसाचा असतो. जळलेल्या उतारावर मी एकदा बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, मुरलंच नाही, अळूच्या पानावर राहतं तसे थेंब नुसते मातीवर बसून राहिले. जळालेल्या पाल्यातला मेणासारखा अंश मातीत बसतो म्हणून असं होतं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेसिटो गावात डिसेंबर 2017 च्या वणव्यानंतर जानेवारीत जोराचा पाऊस झाला, डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि 23 माणसं गेली.

त्यामुळे जळलेला डोंगर दिसला तर नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका, राख बाजूला करून बोटभर माती उकरा. बारीक मुळं अजून लवचिक असतील तर पालवीची आशा धरा, पण राख पांढरी आणि मुळं करपलेली निघाली तर पाऊस यायच्या आत खालच्या वस्तीला सावध करा.