दहेजची जहाजे आणि युरोपातील युद्ध

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा धातूंवर उष्णोपचार करणारा लहान कारखाना असून त्याच्या भट्ट्या गॅसवर चालतात. गुजरातेत उतरणारा आयात गॅस मुख्यतः कतारहून येतो, रशियाहून नव्हे. मग 2022 मध्ये युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावर आमचे दर का भडकले?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तीस वर्षांपूर्वी आपली शंका अगदी रास्त ठरली असती, कारण तेव्हा गॅसचा व्यापार जोड्याजोड्यांनी चाले. सायबेरियातून पश्चिम युरोपपर्यंत नळ टाकला की विकणारा आणि घेणारा दोघेही त्या नळाला बांधले जात. उणे 162 अंशांपर्यंत थंड केलेला वायू द्रवरूपात सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. त्यामुळे 1964 पासून अल्जीरियाहून ब्रिटनला आणि 1969 पासून अलास्काहून जपानला तो जहाजांनी नियमित जाऊ लागला. परंतु ही जहाजेही नळासारखीच ठरलेल्या दोन बंदरांत ये-जा करीत. करार वीस-पंचवीस वर्षांचे असत आणि भाव बहुधा खनिज तेलाशी जोडलेला असे. आपल्या जवळचे, जहाजांतून द्रवरूप गॅस उतरवून घेणारे दहेज टर्मिनलही 2004 मध्ये सुरू झाले ते कतारशी झालेल्या अशाच 25 वर्षांच्या कराराच्या भरवशावर.

खरा पालट माझ्या मते 2016 नंतरचा आहे. त्या वर्षी लुइझियानातील सबाइन पास येथून अमेरिकी द्रवरूप गॅसची निर्यात सुरू झाली आणि माल कोणत्या बंदरात उतरवायचा याचे बंधन नसलेले करार वाढले. ज्याचा भाव चढा, त्याच्याकडे जहाज भरसमुद्रात वळवता येऊ लागले. 2022 मध्ये रशियाचा नळातील पुरवठा आटत गेला, तेव्हा युरोपने नेमकी हीच मोकळी जहाजे चढ्या भावाने ओढून घेतली. तोवर एकही टर्मिनल नसलेल्या जर्मनीने डिसेंबर 2022 मध्ये विल्हेल्म्सहाफेनला ते उभेही केले. आपल्या भट्टीत रशियाचा वायू कधी जळला नसेल, पण स्पॉट बाजारातल्या, म्हणजे दीर्घ कराराविना त्या-त्या वेळच्या भावाने विकल्या जाणाऱ्या, जहाजासाठी आपला पुरवठादार आणि युरोपीय ग्राहक एकाच बोलीत उभे होते.

नळांचे जाळे मात्र इतक्या चपळाईने वळत नाही. चीनला जाणारा ‘पॉवर ऑफ सायबेरिया’ 2019 मध्ये सुरू झाला खरा, पण तो पूर्व सायबेरियातील क्षेत्रांना जोडलेला आहे; युरोपसाठी काढला जाणारा पश्चिम सायबेरियातील वायू त्यातून पाठवता येत नाही. दहेजचा कतारशी असलेला करारही 2024 मध्ये 2048 पर्यंत वाढवण्यात आला. तेव्हा आपल्या पुरवठ्यात दीर्घ मुदतीच्या कराराचा गॅस किती आणि स्पॉट खरेदीचा किती, हे पुरवठादाराकडून लेखी विचारून घ्यावे. पुढच्या भडक्याची झळ आपल्याला किती लागेल, ते त्या प्रमाणावरून कळेल.